ऑस्टिन पॉवर्सचा दुसरा भाग: व्हिडिओच्या दुकानाने मोठा केलेला सिक्वेल

कॅसेटकपाट

दिवाळीआधी माळा रिकामा करताना एका खोक्यात जुन्या डीव्हीडी सापडल्या आणि त्यात ‘ऑस्टिन पॉवर्स: द स्पाय हू शॅग्ड मी’, माइक मायर्सचा गुप्तहेरांच्या सिनेमांची टर उडवणारा. न्यू लाइनची प्लॅटिनम सिरीजवाली, भावाने न्यू जर्सीहून पाठवलेली. साफसफाई तशीच टाकली आणि बघत बसलो. बायकोने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा तीच येऊन बसली. चंद्रावरच्या तळापर्यंत मस्त चालली आणि तिथे अडकली, ते दुखणं खाली सांगतो, पण त्याआधी बरीच वर्षं डोक्यात असलेली गोष्ट लिहून टाकतो.

माझं म्हणणं असं की हा सिक्वेल थिएटरने जन्माला घातलाच नाही, व्हिडिओच्या दुकानाने घातला. पहिला भाग २ मे १९९७ ला अमेरिकेत लागला. खर्च १ कोटी ६५ लाख डॉलर आणि अमेरिकेतल्या थिएटरांची सगळी कमाई मिळून ५ कोटी ३९ लाखांच्या आसपास. म्हणजे पडला नाही, पण कोणी डोक्यावर घेऊन नाचलंही नाही. मग तो कॅसेटवर आला, डीव्हीडीवर आला आणि तिथे त्याला खरा प्रेक्षक सापडला. लोकांनी भाड्याने नेला, परत नेला, मित्रांना बोलावून दाखवला, पोरं करंगळी ओठाच्या कोपऱ्याला लावून त्यातल्या खलनायकासारखी, डॉ. इव्हिलसारखी बोलायला लागली. दोन वर्षं हे घराघरात चालू होतं आणि त्याची तिकीटबारीवर कुठेच नोंद नव्हती.

मग ११ जून १९९९ ला दुसरा भाग लागला आणि पहिल्या तीन दिवसांत साधारण ५ कोटी ४९ लाख डॉलर! पहिल्या भागाने अख्ख्या रनमध्ये जेवढे मिळवले त्याहून जास्त, एका वीकेंडला. हे सगळे लोक सोफ्यावर बसून तयार झालेले होते. पुढे अमेरिकेत २० कोटी ६० लाख, जगभरात ३१ कोटींच्या वर. तेही कधी, तर ‘स्टार वॉर्स’चा नवा भाग मे महिन्यात लागून थिएटरं अडवून बसलेला असताना. यांची जाहिरातच अशी होती की या उन्हाळ्यात एकच सिनेमा बघणार असाल तर स्टार वॉर्स बघा, पण दोन बघणार असाल तर ऑस्टिन पॉवर्स बघा. मला ती जाहिरात फार आवडते, आपली जागा ओळखून मारलेली आहे आणि बरोबर लागलेली आहे.

आणि लगेच १६ नोव्हेंबर १९९९ ला कॅसेट आणि डीव्हीडी बाजारात. पाच महिने. जिथून आला तिथेच परत गेला म्हणा ना. आणि डीव्हीडीपण हात राखून काढलेली नाही, माइक मायर्स, दिग्दर्शक जे रोच आणि सहलेखक मायकेल मॅककलर्स या तिघांची कॉमेंटरी आहे, कापलेले ढीगभर सीन आहेत, मॅडोनाच्या ‘ब्यूटिफुल स्ट्रेंजर’चा व्हिडिओ आहे (याच गाण्याला पुढे सिनेमासाठी लिहिलेल्या गाण्याचा ग्रॅमी मिळाला). तुमच्यापैकी कोणी त्या काळात हा कॅसेटवर, डीव्हीडीवर, सीडीवर बघितलाय का? कुठे, कसा, सगळं लिहा.

ओकट्री_रोड

मी बघितलाय, आणि अगदी त्याच आठवड्यात. आम्ही ९९ च्या ऑगस्टमध्ये इथे न्यू जर्सीत आलो, वायटूकेची (२००० साल येताना कॉम्प्युटर बिघडतील म्हणून निघालेल्या कामांची) भरती जोरात होती, नवऱ्याच्या ऑफिसातले निम्मे लोक हैदराबादचे आणि पुण्याचे. हिंदी सिनेमाच्या कॅसेट ओक ट्री रोडवर वाण्याच्या दुकानात मिळायच्या, डाळ-तांदूळ घेतले की वर एक कॅसेट. इंग्लिश सिनेमा मात्र मोठ्या भाड्याच्या दुकानात. तिथे नव्या सिनेमांची भिंतच असायची आणि त्या नोव्हेंबरात त्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत हाच. पुढे रिकामं खोकं, मागे कॅसेट असेल तर आहे, नाहीतर नाही. शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला पोचलो तेव्हा एकही शिल्लक नव्हती. लोक परतीच्या पेटीपाशी उभे राहून कोणी परत करतंय का बघत होते, मीपण उभी राहिले. वीस मिनिटांनी एका काकूंनी आणून टाकली आणि काउंटरवरच्या मुलाने ती माझ्या हातात दिली तेव्हा मला झालेला आनंद मला अजून आठवतो.

घरी आणून बघितलं तर कॅसेट शेवटाला, रिवाइंड न करताच परत केलेली. मग पोळ्या होईपर्यंत रिवाइंड.

खरं सांगते, पहिल्यांदा मला अर्धा कळला नाही. साठच्या दशकातलं लंडन, कार्नबी स्ट्रीट, ते कपडे, बर्ट बॅकरॅक रस्त्यात पियानो वाजवतोय आणि एल्विस कॉस्टेलो गातोय, हे कोण लोक आहेत हेच ठाऊक नव्हतं. पण टीव्हीचं कॅप्शन चालू करून परत लावला, थांबवत थांबवत, आणि मग एकेक सुटत गेलं. मला इथलं बोलणं कानाला लागलं ते अशा कॅसेटींमुळे. थिएटरात माणूस मागे जाऊन परत ऐकवू शकत नाही ना. म्हणून तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं, हा परत परत लावून बघायचाच सिनेमा आहे.

एक किस्सा. परत करायला एक दिवस उशीर झाला तर दंड जवळपास भाड्याएवढा. नवरा म्हणाला एवढ्यात विकतच आली असती. पुढच्या वर्षी डीव्हीडी प्लेअर घेतला तेव्हा पहिल्या तीन डिस्कांत ही होतीच.

तारांचा_गुंता

मी इचलकरंजीचा, ८९ पासून टीव्ही-व्हीसीआर दुरुस्तीचं दुकान, आता मोबाइल जास्त येतात पण जुनं सोडलं नाही. तुमच्या अमेरिकन कॅसेटींनी आम्हाला लै काम दिलं बघा.

अमेरिकेतनं पाव्हणं कॅसेट घेऊन यायचं, हौसेनं लावायचं, आणि चित्र काळंपांढरं नाहीतर वरखाली पळतंय. मग माणूस व्हीसीआर काखेत मारून दुकानात, म्हणायचा हेड गेलं. हेड कशाला जातंय. तिकडची कॅसेट एनटीएससी, ५२५ रेघा आणि सेकंदाला ६० फील्ड, आपली पाल, ६२५ रेघा आणि ५० फील्ड, रंगाची पद्धत पण वेगळी. साध्या व्हीसीआरला ते जमायचंच नाही, मल्टिसिस्टिम मशीन लागायचं, ते गल्फमधनं आलेल्या घरात असायचं. अशा घरात शेजारपाजारचे सगळे आपापल्या कॅसेटी घेऊन जायचे.

डीव्हीडी आली तर त्यात अजून एक खुट्टा मारून ठेवलेला, रिजन. अमेरिका १, इंग्लंड २, आपण ५. न्यू जर्सीची डिस्क इथल्या प्लेअरला दिली की सरळ नाही म्हणणार. पण बऱ्याच प्लेअरला रिमोटवरनं एक नंबर मारला की तो सगळ्या रिजनला मोकळा व्हायचा, प्रत्येक मॉडेलचा नंबर वेगळा, माझ्याकडे वही होती त्याची. अजून हाय.

आता एक गोष्ट सांगतो जी लोकांना पटत नाही. हा सिनेमा ९५ मिनिटांचा. पाल डीव्हीडीवर तोच भरतो सुमारे ९१. लोक म्हणायचे चार मिनिटं कापली, सेन्सॉर केलं. कापलं काहीच नाही. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, पाल चालतं २५ वर, तर सगळा सिनेमा चार टक्के जोरात पळवून बसवायचे, आवाज पण जरा बारीक व्हायचा. ऍक्शन सिनेमात कळत नाही. पण विनोदी सिनेमात एक माणूस बोलून थांबतो आणि दुसरा बघतो, ती जी मधली जागा असते ना, ती चार टक्के कमी झाली तरी मला जाणवते. डॉ. इव्हिल बोलायच्या आधी जो थांबतो तेच तर सगळं हाय. म्हणून या सिनेमाची अमेरिकन डिस्क जपून ठेवा म्हणतो मी.

ती चंद्रावर अडकते म्हणालात ते नीट सांगा. क्षणभर थांबून पुढं जाते की पूर्ण बंद पडते? दोन थरांच्या डिस्कला थर बदलताना एक क्षण चित्र थांबतं, तो दोष नव्हे.

मधलीसुट्टी

धागा छान पण थोडं विरोधात बोलतो. मला पहिला भाग खूप आवडतो आणि म्हणूनच दुसरा खटकतो. पहिल्यात एक खरी गोष्ट होती, १९६७ चा माणूस बर्फात गोठवून १९९७ मध्ये काढला, जग बदललंय, बायका बदलल्यात आणि याला तेच कळत नाही, आणि व्हेनेसा त्याला ते कळायला लावते. शेवटी लग्न होतं. आणि दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच काय, तर ती बायको यंत्रमानव निघते आणि फुटून जाते. झालं. पूर्ण पहिल्या भागाची किंमत शून्य. एलिझाबेथ हर्लीसारखी नटी, एवढं चांगलं पात्र, पाच मिनिटांत उडवून टाकलं कारण नवीन नायिका आणायची होती.

दुसरं म्हणजे फॅट बास्टर्ड. स्टॅन विन्स्टनच्या स्टुडिओने बनवलेला तो सूट कारागिरी म्हणून अफाट आहे, मेकअपला ऑस्करचं नामांकन होतं, मान्य. पण विनोद काय, तर माणूस जाडा आहे आणि घाणेरडा आहे. मी शाळेत जाडा होतो, वर्गात मला दोन वर्षं त्याच नावाने हाक मारायचे, आमच्याकडे केबलवर हा सिनेमा लागला त्यानंतर. मला त्यात हसू येत नाही आणि येणारही नाही.

तिसरं, निम्मे जोक पहिल्यातलेच. आडोशाने झाकलेलं नागडेपण परत, रागावलेला मुलगा परत, खंडणीची रक्कम चुकणं परत. कॅसेटवर लोकांनी पाठ केलेलं तेच परत दिलंय. म्हणजे कॅसेटकपाट यांचं म्हणणं बरोबरच आहे, पण मला ते कौतुक वाटत नाही, प्रेक्षक जे पाठ म्हणतोय तेच वाढून द्यायचं हे आळशीपण वाटतं.

कॅसेटकपाट

मधलीसुट्टी, व्हेनेसाबद्दल मी तुमच्या बाजूने आहे, तो सीन मला आजही लागतो. फॅट बास्टर्डबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ काही टाइप केलं नाही. आम्ही होस्टेलवर त्याच्या नकला करायचो, समोर कोण बसलंय याचा विचार न करता. तुमचं बरोबर आहे.

पण तेच जोक परत आणले हे मला मान्य नाही. खंडणीचंच घ्या. पहिल्यात तो १९९७ मध्ये दहा लाख डॉलर मागतो, तीस वर्षांपूर्वीचा भाव धरून, आणि त्याचेच लोक ओशाळतात. दुसऱ्यात तो १९६९ मध्ये जाऊन १०० अब्ज मागतो आणि अमेरिकेचा अध्यक्ष (टिम रॉबिन्स) हसायलाच लागतो, कारण एवढे पैसे अस्तित्वातच नाहीत. जोकचं घर तेच पण दार उलट्या बाजूला. आणि धमकी म्हणून व्हाइट हाउस उडाल्याचं जे दृश्य दाखवतो ते ‘इंडिपेन्डन्स डे’ सिनेमातलं! १९६९ च्या लोकांना १९९६ चा सिनेमा दाखवून घाबरवतोय. हे मला पहिल्यांदा थिएटरात कळलंच नव्हतं, डीव्हीडी थांबवली तेव्हा कळलं.

किंवा डॉ. इव्हिलचा हस्तक, तरुण नंबर टू. १९९९ मधला रॉबर्ट वॅग्नर आणि १९६९ मधला रॉब लो. रॉब लो त्याचा आवाज, बोलायची ढब इतकी हुबेहूब उचलतो की डोळे मिटून ऐकलं तर फरक कळत नाही. मिटून बघा एकदा, मी बघितलंय.

आणि मला सगळ्यात आवडणारी जागा म्हणजे ऑस्टिन आणि नवी नायिका फेलिसिटी गाडीतून इंग्लंडच्या रस्त्याने जातायत आणि तो म्हणतो की इंग्लंड दक्षिण कॅलिफोर्नियासारखं अजिबात दिसत नाही, कमाल आहे. मागे दिसतंय ते सगळं कॅलिफोर्नियाच. तसंच काळप्रवासाचं. ऑस्टिन आपल्या वरिष्ठाला, बेझिलला विचारतो की मी १९६९ मध्ये गेलो तर तिथे गोठलेला मी पण असणार, मग कसं, आणि बेझिल सांगतो की असल्या गोष्टींची काळजी न करता मजा करा, आणि मग कॅमेऱ्याकडे बघून आपल्यालाही तेच सांगतो. प्रेक्षकाशी एवढी घसट पहिल्या भागात नव्हती. ही घसट घरात जमते. जो माणूस तुमच्या घरी पन्नास वेळा येऊन गेलाय तोच असा डोळा मारू शकतो.

@तारांचा_गुंता, पूर्ण बंद पडते. डॉ. इव्हिल आणि त्याची छोटी प्रत मिनी-मी तळावर आहेत तिथे चौकोन चौकोन दिसतात आणि मग प्लेअर नुसता फिरत राहतो.

बतावणी

या सिनेमावर आपल्याकडे नेहमी ‘चावट’ एवढं म्हणून पान उलटतात, म्हणून थोडं भाषेबद्दल लिहिते. मी तमाशाच्या संहितांवर काम केलंय, त्यामुळे मला हा सिनेमा परका वाटलाच नाही.

रॉकेटचा सीन आठवा. डॉ. इव्हिलचं रॉकेट एका विशिष्ट आकाराचं आहे. रडारवरचा माणूस म्हणतो, हे तर दिसतंय एखाद्या भल्यामोठ्या... आणि कट. दुसरीकडे विमानातला माणूस वाक्य पुरं करतो, पण त्याच्या सोबत्याच्या नावाने हाक मारून. मग तिसरीकडे कोणी, चौथीकडे कोणी, प्रत्येक जण आपल्या कामाचं साधं बोलतोय आणि अश्लील शब्द फक्त प्रेक्षकाच्या डोक्यात पुरा होतोय. पडद्यावर एकही माणूस वावगं बोललेला नाही. हीच आपल्या बतावणीची रीत. सोंगाड्या सरळ बोलतो, मावशी त्यातला अर्थ पकडते, आणि हसणारा माणूस स्वतःच पकडला जातो. दादा कोंडक्यांनी आयुष्यभर सेन्सॉरला हेच उत्तर दिलं की शब्द साधा आहे, अर्थ तुम्ही काढलात. तंबूतला सावलीचा सीनही तसाच. आत फेलिसिटी बॅगेतून वस्तू काढतेय, बाहेर सावलीत ते भलतंच दिसतंय, आणि बाहेरचे सैनिक गार. आपल्याकडे पडद्यामागून सावली दाखवून हसवणं काय नवीन आहे का.

भाषांतराची मात्र पंचाईत आहे. ‘मोजो’ला मराठीत काय म्हणाल? डॉ. इव्हिल गोठलेल्या ऑस्टिनचा मोजो चोरतो आणि मग याला कशातच दम वाटेनासा होतो. मला वाटतं ‘पाणी’. त्याच्यात पाणी होतं, आता ते पाणी राहिलं नाही. घोड्यात असतं, पैलवानात असतं, नवरदेवातही असतं. आणि गंमत म्हणजे सिनेमात मोजो बाटलीत भरलेला द्रव दाखवलाय, म्हणजे पाणी दोन्ही अर्थांनी बसतं.

शीर्षकातला तो शब्द अमेरिकेत गमतीचा वाटला कारण तिथे तो फारसा कोणी वापरत नव्हतं, इंग्लंडमध्ये तो सरळसरळ चारचौघांत न बोलायचा. सिंगापुरात तर काही काळ शीर्षकच बदललं होतं, ‘शॅग्ड’च्या जागी ‘शिओक्ड’, तिथला मजा आली या अर्थाचा शब्द. मूळ शीर्षक जेम्स बाँडच्या १९७७ च्या सिनेमावरून मारलंय हे तर सगळ्यांना माहीतच आहे.

ओकट्री_रोड

पाणी! वा. हे मी आता कायम वापरणार.

गच्चीवरचा_अँटेना

आमच्याकडे दोन व्हीसीडींवर होता. एका सीडीवर ७४ मिनिटं मावायची, म्हणून ९५ मिनिटांच्या सिनेमाला दोन. सांगलीला कॉलेजच्या पोरांच्या खोलीत कॉम्प्युटरवर बघायचो, एका खुर्चीवर दोघं, बाकीचे गादीवर. पहिली डिस्क संपली की सगळे उठायचे, चहा, मग दुसरी. त्यामुळे माझ्या डोक्यात या सिनेमाला मध्यंतर आहे, ते कुठे होतं तेही मला आठवतं.

मला मिनी-मीबद्दल लिहायचंय. व्हर्न ट्रॉयर. उंची २ फूट ८ इंच. सिनेमात डॉ. इव्हिलला त्याची ओळख करून देतात ती ‘अगदी तुमच्यासारखा, फक्त आठव्या हिश्श्याचा’ अशी. संवाद जवळपास नाहीतच, सगळं डोळ्यांनी आणि चालीने. डॉ. इव्हिल करंगळी ओठाला लावतो, तो लावतो. डॉ. इव्हिल त्याच्यासाठी गाणं म्हणतो तेव्हा स्कॉटचा, म्हणजे खऱ्या मुलाचा, चेहरा बघा. सेथ ग्रीनने तिथे एक शब्द न बोलता जे केलंय ते मला फार लागतं. सख्खा पोरगा बाजूला आणि बाप स्वतःच्याच छोट्या प्रतीवर जीव टाकतोय. हसवायचा सिनेमा आहे पण हे नातं खोटं नाही.

ट्रॉयर २१ एप्रिल २०१८ ला गेले, ४९ व्या वर्षी. हॅरी पॉटरच्या पहिल्या सिनेमात बँकेतला ग्रिपहूक तेच होते, माझ्या पोरीला ते तिथून माहीत. मी तिला मिनी-मी दाखवला तर ती म्हणाली हा तर बोलतच नाही, तरी मला सगळं कळलं.

मधलीसुट्टी

बापलेकाचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मला तो भाग परत बघावासा वाटला. जेरी स्प्रिंगरच्या कार्यक्रमात डॉ. इव्हिल आणि स्कॉट जातात तो सुरुवातीचा सीनही त्याच धाग्यातला आहे. मायर्सचे वडील लिव्हरपूलचे, त्यांनीच त्याला हे सगळं ब्रिटिश विनोदाचं वेड लावलं, १९९१ मध्ये ते वारले आणि ऑस्टिन त्यांच्या आठवणीतून आला. म्हणून कदाचित या सिनेमांत बाप सारखा येतो. तिसऱ्या भागात (२००२) तर ऑस्टिनचा बापच येतो, मायकेल केन.

माझं मत बदललेलं नाही पण. दुसरा भाग पहिल्याहून कमी आहे.

कॉफी_नको_चहा

नवीन आहे इथे, एक विचारायचं होतं. आमची मुलगी १५ आणि मुलगा ९. दोघांबरोबर बघता येईल का? आणि ओटीटीवर बघू की डिस्क शोधू?

कॅसेटकपाट

अमेरिकेत याला पीजी-१३ होतं, म्हणजे तेराच्या आतल्या पोरांबद्दल पालकांना सावध करणारं. मुलीबरोबर बघा, ९ वर्षांच्या मुलाबरोबर नको, रॉकेटवर तो प्रश्न विचारेल आणि तुम्हाला उत्तर द्यावं लागेल. तसंच मधलीसुट्टी यांनी वर लिहिलंय ते वाचून मुलीशी फॅट बास्टर्डबद्दल आधी बोला असं मी आता म्हणेन, पूर्वी म्हटलं नसतं.

ओटीटीवर सिनेमा बघता येईल, पण बहुतेक ठिकाणी नुसता सिनेमाच असतो, कॉमेंटरी नसते, कापलेले सीन नसतात. २००८ मध्ये तिन्ही भागांचा ब्लू-रे संच निघाला होता, चित्र त्याचं चांगलं, मिळाला तर घ्या. आणि एकदा साधा बघून झाला की लगेच दुसऱ्या दिवशी कॉमेंटरी लावून बघा. तिघं जण आपलाच सिनेमा बघत बोलतायत, कुठे काय जमलं, कुठे काय कापलं. कापलेले सीन त्यानंतर बघा, म्हणजे ते का कापले ते आपल्यालाच कळतं. बरेचसे मजेशीर आहेत पण गोष्ट अडवतात. मला सिनेमा कसा शिवतात हे थोडंफार कळलं ते या एका डिस्कवरून, माझ्या ओळखीत कोणी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये नव्हतं.

तारांचा_गुंता

चौकोन येऊन बंद पडते म्हणजे डाग नाहीतर चरा. लक्ष द्या. डिस्क आतनं बाहेर वाचली जाते, सुरुवात मधल्या भोकाशी (दोन थरांची असली तर दुसरा थर बहुतेक बाहेरनं आत). चंद्रावरचं म्हणजे सिनेमाचा शेवटचा भाग, म्हणजे तुमचा डाग बाहेरच्या बाजूला असू शकतो, बोटं तिथंच लागतात. स्वच्छ मऊ सुती कापड, जुनं धोतर उत्तम. कोमट पाण्यात अगदी थेंबभर भांड्याचा साबण. पुसायचं मधनं कडेकडं सरळ, गोल गोल अजिबात नाही, गोल पुसलं आणि चरा पडला तर तो वाचायच्या दिशेतच पडतो आणि मग प्लेअरला सावरता येत नाही. पेट्रोल, थिनर, टूथपेस्ट काही लावू नका, लोक लावतात. सुकू द्या सावलीत.

तरी नाही चालली तर कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, कधी कधी घरच्या प्लेअरची लेन्सच मळलेली असते. आणि चालली की एक प्रत हार्डडिस्कवर करून ठेवा, २५ वर्षं झाली तिला.

कॅसेटकपाट

पुसली. आजोबांच्या धोतराचा तुकडा निघाला कपाटात. कडेला खरंच एक अंगठ्याचा ठसा होता, चिकट, साखरेचा असावा, होस्टेलवर गुलाबजाम खाता खाता लावलेली असणार.

काल रात्री परत लावली. चंद्रावर चौकोन आले नाहीत. मिनी-मीला अवकाशात फेकल्यावर डॉ. इव्हिल त्याला परत आत घेतो तिथे मी आणि बायको दोघंही गप्प बसलो होतो, वर गच्चीवरचा_अँटेना यांनी लिहिलेलं डोक्यात असणार. आज कॉमेंटरी लावतोय. @ओकट्री_रोड, भावाला फोन केला होता, तो म्हणतो त्यानेही त्या नोव्हेंबरात तुमच्याच भागातून घेतली होती, दुकान मात्र आता तिथे नाही.